पुसलेल्या आठ ओळी

बायको गेल्याचं त्याला एका मंगळवारी कळलं, आणि तिनं लिहिलेलं गेल्याचं त्यानंतरच्या पाचव्या गुरुवारी. पहिल्या बातमीत निदान त्याचा हात नव्हता.

त्या गुरुवारी त्यानं सभागृहातला पियानो सुरात लावला. गेली तीस वर्षं त्याचं हेच काम. हत्यारं पिशवीत भरली तरी पाय निघेना, म्हणून तो मंचाच्या कडेला घुटमळत राहिला. तालीम सुरू झाली. एकीकडे तंतुवाद्यांचे चौघे, दुसरीकडे जॅझवाले तिघे. सातजणांची ही रचना त्याच्या बायकोची होती. चेलोही तीच वाजवणार होती. आता तिच्या खुर्चीवर नवा माणूस होता.

मध्येच तो नवा माणूस थांबला. व्हायोलिन वाजवणाऱ्या मेहुणीनं त्याच्यापुढचं पान उचललं.

"भावोजी, हे कोरं कसं?"

"काय कोरं?"

"या आठ ओळी. इथं सगळे थांबतात आणि ताई एकटी वाजवते. रोज बदलायची म्हणून तिनं ही जागा छापलीच नव्हती. शेवटी घरी पक्कं केलं, पेन्सिलीनं लिहिलं, एवढंच फोनवर म्हणाली. आम्ही ऐकलेलं नाही."

"मी पुसलं," तो म्हणाला.

त्यांच्या घरची ही रीतच होती. वादकांची पानं भाड्यानं यायची आणि परत करताना त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडाव्या लागायच्या. तिला त्या कामाचा भयंकर कंटाळा. तो जेवणाच्या टेबलाशी बसून खोडायचा, ब्रशनं कचरा झाडायचा. "माझी महिन्याची मेहनत दहा मिनिटांत साफ!" ती चिडवायची. पण त्याला त्रास नको म्हणून मऊ पेन्सिल वापरायची आणि दाबून लिहायची नाही.

ती गेल्यावर त्याचे हात स्वस्थ बसेनात. त्यानं सुऱ्यांना धार लावली, बिजागऱ्यांना तेल घातलं, पायपुसणी दोनदा धुतली. नवव्या दिवशी तिच्या स्टँडवरचा गठ्ठा दिसला. ही पानं कुणाला परत करायची नव्हती, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं ती स्वच्छ केली. इतकी, की आता पान उजेडात धरलं तरी कागदावर वळसुद्धा दिसत नव्हता.

"अहो मास्तर, चेहरा कशाला पाडताय?" जॅझवाल्या तिघांतला बासवाला म्हणाला. उंचीनं तो आपल्या वाद्याएवढाच होता. "आमचं पोट कोऱ्या पानावरच चालतं. वाजवू काहीतरी."

"काहीतरी नको," मेहुणी म्हणाली. "ताईचं हवं."

"मला येतं ते," तो बोलून गेला.

पक्कं केल्यावर ती रोज तेच वाजवायची; सकाळी दाढी करताना त्यानं ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. नोटेशन त्याला वाचता येत नसे, पण कान पक्का होता. तो पियानोशी बसला आणि एका बोटानं वाजवू लागला. सूर लावायच्या सवयीनं प्रत्येक पट्टी तीनतीनदा, जोरात.

"मास्तर, गाणं आहे की दार ठोठावताय?"

सगळे हसले. तोही हसला, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. मेहुणी भराभर उतरवून घेत होती. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी. चौथीला बोट हवेतच थांबलं.

तो उठला, बसला, पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पुन्हा तिथंच अडला. मग त्याला आठवलं. तिसरी ओळ संपली की ती आतून ओरडायची, "ऐकतोयस ना?" तो "हो हो" म्हणायचा आणि तोंड धुवायला नळ सोडायचा. पुढचं तो कधी ऐकतच नव्हता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. "आठवेल," एवढंच म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला, पण आठवलं नव्हतं. पुढचं दुसऱ्या कुणी वाजवायचं नाही, यावर मेहुणी ठाम राहिली. त्याला खुर्चीत बसवेना. दाराशी उभा राहिला, बाहेर गेला, आत आला, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. चेलोवर तिच्या तीन ओळी वाजल्या, अगदी तिच्या. मग चेलो थांबला. उरलेल्या पाच ओळींत बासवाल्यानं दर ओळीच्या तोंडाशी फक्त एकेक खर्जातला स्वर छेडला, वाट दाखवावी तसा. लोक श्वास रोखून ऐकत होते.

"काय सुंदर रिकामी जागा ठेवलीय!" दाराजवळच्या खुर्चीतल्या बाई कुजबुजल्या.

"ठेवलेली नाही, झालीय," तो म्हणाला. बाईंनी वळून पाहिलं तोवर तो बाहेर पडला होता.

कार्यक्रम संपल्यावर बासवाल्यानं त्याला बाहेर गाठलं. "आठवलं की फोन करा मास्तर. वाटेल तेव्हा. मी ठोठावणं समजून घेईन."

आता रोज सकाळी तो दाढी करताना तिसऱ्या ओळीपर्यंत गुणगुणतो आणि थांबतो. नळाला हात लावत नाही. भिंतीला कान देऊन उभा राहतो, तोंडावरचा साबण सुकून जातो. ते पान पुन्हा तिच्या स्टँडवर आहे, शेजारी मऊ पेन्सिल. वरच्या तीन ओळी भरल्या आहेत. खालच्या पाच अजून लिहायच्या राहिल्या आहेत.