आधी रंग, मग इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी, ते माझ्या अंगावरून ओळखायला जाऊ नका, कारण अंगावर ओळखण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. एका गॅरेजच्या मागच्या आवारात मी बरीच वर्षे उभी होते. तिथे माझ्यासारख्या आणखीही काही जणी होत्या. कुणाचे दार मिळत नव्हते, तर कुणाचे मालक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून गेले ते गेलेच. आम्हाला कुणी भंगार म्हटले की मात्र त्या मालकांना झोंबायचे. 'दुरुस्तीला दिली आहे,' असे ते ठासून सांगत.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकून, जोडून, घासून झाल्यावर मला हिरवा रंग मिळाला. गडद, किंचित निळ्याकडे झुकणारा. माझ्या आधीची मोटार पांढरी होती आणि नंतरची काळी. मधेच मी हिरवी निघाले, यात माझे कर्तृत्व काही नाही.

मला घेतले चष्मेवाल्या काकांनी. दुकानात लोकांचे डोळे तपासायचे, भिंगे घासायची आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत जाऊन तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचे, असा त्यांचा क्रम होता. अक्षरांचा तक्ता आणि भिंगांची पेटी माझ्या डिकीत असे, आणि काकू शेजारी. गावात पोचलो की लोक आधी माझ्याभोवती एक चक्कर मारत, मग तक्त्यासमोर बसत. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने काका मला पुसत. खरे सांगायचे तर मी थोडी शेफारलेच होते.

काका कामात चोख. 'आधी नंबर, मग फ्रेम' हा दुकानाचा नियम. गिऱ्हाइकाचा हात आधीच फ्रेमकडे गेला, तर काका सरळ ट्रे उचलून आत ठेवत. लोक नाराज होत, पण चष्मा कधी चुकत नसे.

पुढे मुलाने नवी गाडी घेतली आणि माझी रवानगी अंगणाच्या कोपऱ्यात झाली. उन्हाने रंग विटला, टायर बसले, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. दुकान मुलावर सोपवल्यावर काकांना माझी आठवण झाली. काकूंना शेजारी बसवून त्याच गावांतून एकदा तरी माझ्यातून हिंडून यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. मला गॅरेजात आणले गेले, पण एका अटीवर. आधी माझा मूळचा हिरवा रंग हुबेहूब जुळला पाहिजे, त्याशिवाय एक स्क्रूही हलवायचा नाही. त्यांच्या दुकानाचा नियम आता माझ्या मागे लागला होता.

गॅरेजचे मिस्त्री रंग कालवण्यात वाकबगार. ते पत्र्याच्या तुकड्यावर नमुना करत. काका तो खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहत आणि म्हणत, जवळ आलाय, पण हा नव्हे. नापास तुकडे मिस्त्री भिंतीवर तारेला अडकवून ठेवत. हळूहळू भिंत हिरवी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सजावट वाटे.

एव्हाना काका काकूंचा हात धरून यायला लागले होते. पायरी ते आधी पायाने चाचपत. तुमच्याकडे उजेड कमी आहे, अशी त्यांची तक्रार होती, म्हणून मिस्त्रींनी मोठा दिवा बसवला. दिव्याखालीही हिरवे नापास होत राहिले. तोवर माझे इंजिन आतल्या आत जाम झाले आणि तळाचा पत्रा इतका गंजला की खालची जमीन दिसू लागली.

शेवटी मिस्त्री वैतागले. त्यांनी माझ्या दाराचे आतले अस्तर काढले. त्यामागे एक छोटी पट्टी असते. तिला ना ऊन लागलेले, ना पाणी. कारखान्यातला हिरवा तिच्यावर जसाच्या तसा होता. तीच काकांच्या हातात द्यायची आणि एकदाचा होकार वदवून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता.

काकांनी ती पट्टी दिव्याखाली बराच वेळ फिरवून पाहिली.

"जवळ आलाय," ते म्हणाले. "पण हा नव्हे."

मिस्त्रींनी माझ्या उघड्या दाराकडे पाहिले, मग काकूंकडे. काकूंच्या लक्षात आले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती पट्टी हिच्याच दारातली आहे. मूळचाच रंग आहे तो."

काकांनी पट्टी पुन्हा जवळ धरली. एक डोळा हाताने झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे करायला सांगितले, ते आज ते स्वतः करत होते. मग ते समोरच्या स्टुलावर बसले.

"डोळ्याचा मागचा पडदाच चाललाय," ते म्हणाले. "ह्याला चष्मा नाही."

मोटारीला मन नसते म्हणतात. पण मला त्या वेळी फार वाईट वाटले.

जरा वेळाने त्यांनी काकूंना रंग निवडायला सांगितले.

"मला विचाराल तर हा हिरवा मला कधीच आवडला नव्हता," काकू म्हणाल्या. मिस्त्रींना हसू आवरेना, काकाही हसले. मग काकू मिस्त्रींकडे वळल्या. "रंगाचं राहू द्या. आधी ही चालू करा. ह्यांना दिसतंय तोवर."

मिस्त्री झपाटल्यासारखे कामाला लागले. तळाला नवा पत्रा आला, इंजिन खोलून पुन्हा बांधले गेले. कामातून गेलेल्या एका मोटारीचा गिअरबॉक्स मला मिळाला, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. अंगावर फक्त गंज रोखणारे राखाडी अस्तर लागले, आणि तशीच मी रस्त्यावर आले. मिस्त्री चालवत होते. काका-काकू मागे बसले. मागे पाय ठेवायला जागाच नाही, हा शोध काकांना त्या दिवशी लागला. गावे एकेक करून मागे पडली. पुलावर त्यांनी मला थांबवायला लावले. काच खाली करून ते नदीकडे पाहत राहिले आणि दिसते आहे, दिसते आहे, असे दोनदा म्हणाले.

मित्रांनो, मी अजून राखाडीच आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू जशीच्या तशी होण्याची वाट पाहत पडली असेल, तर तिला आधी चालू करा. रंगरूपाचे मागाहून बघता येते. त्या फेरीच्या पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्या पुलावर थांबलो, तेव्हा नदी कशी दिसते ते काकूंनी काकांना सांगितले.