नोंदवहीतल्या चारशे सह्या

वीज उपकेंद्रात बिघाड दाजींनी काढायचा आणि नोंदवहीत त्याने लिहायचा, ही वाटणी अकरा वर्षांची होती. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ब्रेकर कशाने पडला हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, पण अक्षर असं की सकाळी लिहिलेलं संध्याकाळी त्यांचं त्यांनाच लागत नसे. "तूच लिही आणि तूच सही ठोक," ते म्हणायचे. "वहीला काय करायचंय, कोणी केलं ते?"

मग कंपनीला पुनर्रचनेची हुक्की आली. 'माणसं काढतोय' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून हा भारदस्त शब्द. पाळीत दोघांऐवजी एकच ऑपरेटर ठेवायचा होता, आणि तो कोण हे ठरवायला मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. जन्मात कधी स्विचयार्डात पाऊल टाकलं नसेल, पण वह्या मात्र पानन् पान चाळल्या.

त्यांनी त्याला एकट्याला आत बोलावलं.

"चारशेवर बिघाड, आणि सगळीकडे तुमची सही. जोडीदाराची एकही नाही. हे सगळं तुम्हीच केलंत?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. पण मुलीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं, आणि पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतं, हेही आलं. दाजी त्याच्याहून चार वर्षांनी मोठे, हे तेवढं आठवायचं राहिलं.

"हो," तो म्हणाला.

"इतकं चोख काम हल्ली दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तो आभार मानूनच बाहेर पडला.

शुक्रवारी यादी लागली. दाजींनी ती दोनदा वाचली, कपाट रिकामं केलं, आणि जाताना त्याचीच पाठ थोपटली.

सोमवारी भर दुपारी ब्रेकर पडला. त्याने पुन्हा चढवला, तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा हात लावायचा धीर होईना. अर्धं गाव बंद, पॅनेलची घंटा डोकं उठवतेय. शेवटी लाज गुंडाळून त्याने दाजींना फोन लावला. उचलला ताईने.

"अरे, हे सांगत होते, तू ह्यांच्यासाठी त्या बाईशी चांगलाच भांडला असशील, तिनेच ऐकलं नसेल. भांडलास ना रे?"

"भांडलो ना, ताई," तो म्हणाला. "जरा दाजींना दे."