पंखा धाकटीकडे गेला

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. शिडांच्या बोटीत, जिन्याच्या पायऱ्यांखाली माझी खोली आहे. शिडांच्या बोटीत सारे कौतुक शिडांचेच व्हायचे. ते मी सोसले. शिडे वर, मी खाली; आमची गाठ पडत नाही. पण धाकटी माझ्याच खोलीत येऊन बसली, हे मात्र सोसवत नाही.

तिच्याआधीचे दिवस सांगतो. वारा पडला की शिडे मान टाकत आणि सगळ्यांना माझी आठवण येई. मी पाण्याखालचा पंखा फिरवी, बोट धक्क्याला लावी. मालक झाकण उघडून माझा आवाज ऐकत.

"काय सूर लागलाय बघ!"

"सूर तुम्हाला, वास मला," म्हणत मालकीणबाई नाकाला रुमाल लावत.

पुढे मी थकलो, असे मालकांना वाटू लागले. बोट नांगरावर उभी असली की दिव्यांसाठी आणि फ्रिजसाठी बॅटऱ्या भराव्या लागत. तेवढ्याकरता ते मला तासन्‌तास मंद चालवत. "हळूहळू चालू दे, म्हाताऱ्याला ताण नको." मला ते लाड वाटले. पण मंद चालताना मी पुरेसा तापत नसे. डिझेल अर्धवट जळे आणि पोटात काजळी साठे. शेवटी मी काळा धूर ओकू लागलो.

मग मालकांची मुलगी विजेची मोटर, म्हणजे ही धाकटी, घेऊन आली. तिने पंखा माझ्यापासून सोडवून धाकटीला जोडला. ना आवाज, ना धूर. शिडांवर बोट पळू लागली की पाणीच पंखा फिरवी आणि ही बया बसल्या जागी वीज गोळा करी!

"अगंबाई, सुरू आहे होय ही? किती गुणाची!" मालकीणबाई म्हणाल्या. माझा नुसता जळफळाट झाला. वर त्या म्हणाल्या, "मग हे धूड आता भंगारात द्या की."

मालक हळूच म्हणाले, "सुटेल बिचारा. पुष्कळ राबला."

मुलगी मला उघडून आत टॉर्च मारत होती. "बाबा, राबून नाही, आरामानं वाट लागलीये याची. झीज फारशी नाही, नुसती काजळी आहे. आणि दोन दिवस वारा पडला, तर बॅटऱ्या कोण भरणार?"

"म्हणजे मीच याला..."

"तुम्हीच. लाड करून करून."

तिने मला साफ केले, एक मोठा जनरेटर जोडला आणि पूर्ण भार टाकला. आधी काळाकुट्ट धूर निघाला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. कित्येक वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. मालकीणबाईंनी रुमाल खाली घेतला. भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

तरी मत्सर गेलेला नाही, मित्रांनो. वारा नसेल तेव्हा वीज मी करतो, ती खाऊन पंखा धाकटी फिरवते आणि बोट धक्क्याला लागली की शाबासकीही तिलाच मिळते.

म्हणून एक विनंती. जुन्या यंत्राला मायेपोटी अर्धवट कामावर ठेवू नका. त्याला पेलेल इतके, पण पुरे काम द्या. आणि जमले तर त्याच्यासमोर नवीचे कौतुक जरा हळू आवाजात करा.