सातवी ओळ

अमळनेरजवळच्या त्या गावात सहा म्हशी एकदम आटल्या आणि करणी कोणी केली ते शोधायला लॅपटॉपवाले महाराज आले. मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी कासदाह, म्हणजे कासेची सूज, सांगितला होता. पण औषधात मजा ती काय!

महाराजांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. यात शनी-राहूचा डेटा भरलाय, माणूस नातं बघतो, मशीन बघत नाही, हे त्यांनी तीनतीनदा ऐकवलं. महाराजांना घेऊन आलेल्या रुपचंदनं गल्लीतल्या अठरा बायांची नावं सांगितली, महाराजांनी ती एक्सेलच्या तक्त्यात एकाखाली एक टाकली. शेजारच्या रकान्यात 'करणी' नावाचं फंक्शन वरून खालपर्यंत ओढलं. सतरा ठिकाणी 'निर्मळ' उमटलं. भागाबाईच्या नावासमोर मात्र लालभडक अक्षरांत आलं, 'दोषी'.

भागाबाई ही रुपचंदची विधवा काकू, पोटी लेकरू नाही. तिच्या पाच बिघे बागायतीवर रुपचंदचा केव्हाचा डोळा होता. दोषी निघेल तिनं आजच गाव सोडायचं, असं आधीच ठरलेलं. म्हातारी उभी राहिली.

"मी काहीच करेल नई शे, माय," एवढंच बोलली.

शेजारच्या पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमळनेरच्या कॉम्प्युटर क्लासात ती पोरांना हेच एक्सेल तर शिकवायची. ती तडक पारावर चढली आणि महाराज लॅपटॉप मिटायच्या आत तिनं तो ओढून घेतला.

"नावं तीच ठेवते. फक्त अआइईच्या क्रमानं लावते," ती म्हणाली.

नावं वरखाली झाली. भागाबाई अकराव्या ओळीत गेली आणि निर्मळ ठरली. सातव्या ओळीत आली कुंदाबाई, रुपचंदची सख्खी आई. तिच्यासमोर लाल अक्षरांत, 'दोषी'.

मशीन बिघडलं, असं रुपचंद ओरडू लागला. पुनमनं ऑल्ट धरून एफ-अकरा दाबलं. आत महाराजांनी स्वतः लिहिलेला मॅक्रो, म्हणजे मशीनला दिलेला हुकूम होता, तो तिनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला: ओळ सातवी असेल तर दोषी, नाहीतर निर्मळ. झालं, एवढाच कारभार. रुपचंदनं काकूचं नाव मोजून सातवं सांगितलं होतं.

मग तिनं सातव्या ओळीत महाराजांचंच नाव टाकलं. मशीन त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोललं.

पुनमनं तिथूनच पोलिसांना फोन लावला.

"मशीनला शिकवाल तेच ते बोलतं," ती लोकांना म्हणाली. "पुढचा महाराज आला तर एकच म्हणा, आत काय लिहिलंय ते दाखव. आणि आधी म्हशींना औषध द्या."

कुंदाबाईनं लेकाकडे बघितलंही नाही. जावेचा हात धरून ती पार उतरली. भागाबाई आपल्या घराकडे निघाली आणि तिची वाट कोणी अडवली नाही.