पालथी पाटी

मित्रांनो, फणसाच्या लाकडाची मी एक जुनी फळी आहे. माणूसभर लांब आणि दीड हात रुंद. आज मला पाहून लोक वाट बदलतात. एके काळी मात्र वाट वाकडी करून मला पाहायला येत.

बुथिदाँगच्या बाजारात, पानवाल्याच्या दुकानावर, आम्हा रोहिंग्यांच्या पक्षाची एक खोली होती. तिच्या दारावर मी टांगलेली असे. चिटणीस उलामिया मास्तरांनी घरीच हिरवा रंग खलला आणि तीन दिवस खपून माझ्यावर पक्षाचं नाव लिहिलं. सुतार म्हणाला, "मास्तर, चार माणसांचा पक्ष आणि केवढी ही पाटी?"

"पाटी तर लागू दे, माणसं येतील," मास्तर पान चघळत म्हणाले.

आणि खरंच आली. नदीपलीकडून होड्या भरभरून आली. आमचा उमेदवार निवडून आला त्या दिवशी कुणीतरी मला अत्तर फासलं. मी फार सुखात होते.

मग हुकूम आला, की हा पक्ष बंद आणि ही माणसंही इथली नव्हेत. उमेदवार तुरुंगात गेला. मला जाळून टाकणं शहाणपणाचं होतं, पण मास्तरांचा हात धजेना. त्यांनी मला पेंढ्याखाली लपवून गावी नेलं. गावातल्या मशिदीला तेव्हा टाळं लागलं होतं. मयताला आंघोळ घालायची फळी आतच अडकली होती. मास्तरांनी मला पुढे केलं. अक्षरं खाली, कोरी बाजू वर.

पक्षाच्या सभेत हात वर करणारे एकेक जण माझ्यावर येऊन निजले. त्यांचे चेहरे मला दिसत नसत, पाठी तेवढ्या कळत. हसनअली नावाड्याला दवाखान्यात जायला परवाना हवा होता. परवाना आला तेव्हा हसनअली माझ्यावर होता. प्रत्येकाच्या अंगावरचं पाणी ओघळून खालच्या अक्षरांपर्यंत यायचं. मला फार भीती वाटायची. अजूनही वाटते.

वीस वर्षांनी मास्तर गेले. जाताना लेकीला, शोमशिदाला, सांगून गेले, "मला अक्षरांवर निजवा." आंघोळ घालणारे हाशिमचाचा हादरले.

"पोरी, वेड लागलं का तुला? सरकारी यादीतून नाव खोडायला कारकून येणार, मयत बघणार. त्यानं वाचलं तर अख्खं घर तुरुंगात जाईल."

"वाचील कसा, चाचा? अब्बा झाकतील ना."

चाचांनी मला उलटवलं. अक्षरांनी ऊन पाहिलं आणि लगेच त्यांच्यावर मास्तर आले. आंघोळ अर्धी झाली होती तोच कारकून आला. पायाकडचं शेवटचं अक्षर उघडं राहिलं होतं. चाचांनी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. कारकुनानं मास्तरांचा चेहरा पाहिला, यादीवर लाल रेघ ओढली, एक पान मागून घेतलं आणि गेला.

मास्तरांना उचललं तेव्हा त्यांच्या पाठीवर हिरवट अक्षरं उमटली होती. इतक्या वर्षांच्या पाण्यानं माझा रंग सुटत आला होता. चाचांनी ती पाठ पाहिली, पण पुन्हा पाणी मागितलं नाही. तसंच कफन गुंडाळलं.

मित्रांनो, तुमच्या गावात पक्षांच्या पुष्कळ पाट्या असतील. त्यांना हवं तर नावं ठेवा, पण त्यांना दारावरच राहू द्या. मी आता पुन्हा पालथी आहे. माझ्यावर नाव अर्धंच उरलं आहे. बाकीचं मास्तर सोबत घेऊन गेले.