शेवाळ खरवडलेलं तळघर

तळघराचं दार उघडलं आणि खालून टप टप आवाज आला. चाळीस उन्हाळे मी त्या शिडीवरून उतरतेय, थेंब पडल्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्या इथली जमीन आतून बारमाही गोठलेली. ती पाझरायला लागली की घरादाराचं काही खरं नाही.

"सास्किलाना!" मी सुनेला हाक मारली. "सेम्योनला उठव! पहारी घ्या, दोर घ्या!"

ती धावत आली, आत डोकावली आणि पांढरीफटक पडली. "आई, मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं..."

"काय म्हटलं होतंस ते नंतर म्हण. आधी बर्फ वर काढ!"

हिवाळ्यात तळ्यातून कापून आणलेल्या लाद्या होत्या त्या, आमचं उन्हाळाभराचं पिण्याचं पाणी. जोडीला दोन शिंगरांचं मांस. ते गेलं असतं तर नदीच्या गढूळ पाण्याचा चहा पीत बसावं लागलं असतं.

खरं सांगते, चूक माझीच. गेल्या वर्षी शेजारचा ब्योत्युर म्हातारा म्हणाला होता, "मार्पा, तुझं तळघर म्हणजे केस न विंचरलेलं अस्वल." मला लागलं ते. तळघरावरचं सगळं शेवाळ मी खरवडून काढलं, छान वाळू पसरली. सून म्हणत होती, ते जमिनीचं पांघरूण आहे, काढू नका. मी म्हटलं, "कालची पोर तू, मला थंडी शिकवतेस?"

माझा मुलगा सेम्योन खालून लाद्या ढकलत होता, आम्ही दोघी दोराने ओढत होतो. तेवढ्यात ब्योत्युर आलाच. "अगं बाई, अस्वल रडतंय वाटतं!"

"हसून झालं असेल तर शिडी धर, म्हाताऱ्या!"

धरली त्याने. शेवटची लादी वर आली, तिच्यामागून सेम्योन आला, आणि मागची भिंत धप्पकन खाली बसली. सगळे ओरडलो. मग एकमेकांकडे बघून हसत सुटलो.

पण ऊन चढत होतं, लाद्या घामेजत होत्या. नव्या खड्ड्यासाठी गोठलेली जमीन शोधत मी गोठ्यामागे पहार मारली, तर मुठीपर्यंत चिखलात गेली. कुंपणाशी मारली, तिथेही चिखल.

मी पहार सुनेच्या हातात दिली. "तू सांग, कुठे?"

ती सरळ लार्चच्या दाट झाडीत शिरली. तिथे घोट्यापर्यंत शेवाळ. तिने ते चटईसारखं उचललं, जेमतेम हातभर माती उपसली आणि पहार हाणली.

ठण्ण!

काय आवाज तो! लोखंडावर लोखंड आपटावं तसा. सेम्योनने आरोळी ठोकली, ब्योत्युरने टोपी उडवली, मी तर या वयात उडी मारली. पाळीपाळीने कुऱ्हाडी चालवल्या, ठिणग्या उडाल्या, आणि दुपार कलायच्या आत बर्फ आणि मांस गोठलेल्या खड्ड्यात जाऊन बसलं. वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर शेवाळ. जरा उघडं दिसलं की मीच आणखी आणून थापत होते.

"पुन्हा अस्वलच केलंस," ब्योत्युर म्हणाला.

"असू दे. याला कोणी विंचरायला आलं तर हात तोडीन."

मग खड्ड्यातल्याच बर्फाचा एक तुकडा वितळवून चहा ठेवला. पहिली वाटी सुनेला दिली.

"हं," मी म्हटलं, "आता म्हण, काय म्हटलं होतंस ते."

आणि तिने म्हटलं. सगळं, अगदी पहिल्यापासून. मी ऐकून घेतलं.