इर्माला विहीण म्हणायचं?

एल्वीराबाईंना देवाची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती होती इर्माची.

हे अर्थात त्यांनी पाद्री इलारियोंना सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांची समजूत अशी, की मेक्सिको शहराच्या विधानसभेत येऊ घातलेल्या त्या कायद्याविरुद्ध एवढ्या तळमळीने फिरणारी बाई सगळ्या गेरेरो भागात दुसरी नाही. तेही खरंच होतं. दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या एल्वीराबाईंनी, चर्चच्या फाटकावर फलक बांधला एल्वीराबाईंनी, आणि ‘लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई’ ही घोषणा सगळ्यांत खणखणीत आवाजात द्यायच्या त्याही एल्वीराबाईच. फक्त त्यांचं कारण वेगळं होतं. दोन पुरुषांनी लग्न केलं तर देवाला काय वाटेल, ते देव बघून घेईल. पण त्या दोघांतला एक एल्वीराबाईंचा आबेल होता, दुसरा चाळीच्या चौकापलीकडच्या खोलीतल्या इर्माचा हेनारो, आणि कायदा झाला की इर्मा त्यांची विहीण होणार होती.

आता विहीण म्हटली की मान आला. तिच्याशी अहोजाहो आलं. लग्नात पहिल्या बाकावर तिच्या शेजारी बसणं आलं, फोटोत तिच्या दंडाला दंड लावून हसणं आलं. आणि इर्माबरोबर हसण्यापेक्षा एल्वीराबाईंनी एक दाढ काढून घेतली असती.

भांडण जुनं होतं. लहानग्या आबेलच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या, म्हणजे कम्युनियनच्या, दिवशी एल्वीराबाईंनी पहाटे उठून तामाल केले होते. मक्याच्या पानांत गुंडाळून, हिरव्या मिरचीच्या रश्शातलं कोंबडीचं सारण घालून, अगदी जीव ओतून. इर्माने त्यातले पाच खाल्ले, बोटं चाटली आणि पाद्रीबाबांच्या देखत म्हणाली, “छान आहेत हं. जरा कोरडे झालेत, एवढंच.” पाच खाऊन! तेव्हापासून गच्चीवरच्या दोऱ्या, धुण्याचे दगड, हेनारोचा बाजा, इर्माचा पोपट, जे हाताला लागेल त्यावरून दोघी भांडत आल्या होत्या. चाळीतली पोरं त्यांची भांडणं ऐकत बोलायला शिकली.

या सगळ्या धामधुमीत आबेल आणि हेनारो कधी प्रेमात पडले, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा दोघं दुसरीकडे खोली घेऊन राहायलाही लागले होते. एल्वीराबाई सगळ्यांना सांगत, “आबेल मित्राबरोबर राहतो. भाडं वाचतं.” मित्र हा शब्द त्यांना फार सोयीचा वाटायचा, कारण मित्राच्या आईशी आपलं काही नातं लागत नाही. हेनारो कधी आबेलबरोबर आलाच, तर त्या त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवत आणि म्हणत, “आत पसारा आहे रे.” त्यांच्या घरात कधीच पसारा नसायचा.

विधानसभेतल्या मतदानाच्या आदल्या दिवशी आबेल आईचे केस कापायला आला. त्याचं केशकर्तनालय होतं, आणि आईचे केस तो दर महिन्याला चौकात खुर्ची टाकून स्वतः कापायचा. त्या दिवशी गळ्याभोवती फडकं बांधून झालं, कात्री कानाशी आली, आणि मग तो बोलायला लागला. एल्वीराबाईंना कळलं, की पोराने डाव साधलाय.

“उद्या कायदा पास होईल असं म्हणतात.”

“म्हणू देत.”

“मान हलवू नकोस, कान जाईल. पास झाला तर आम्ही लग्न करणार, आई.”

“कुणाशी?”

“आई!”

“बरं बरं. काप तू.”

“हेनारोच्या मामेभावाने माद्रिदला बोलावलंय. तिथे काम आहे, आणि असं लग्न तिथे केव्हापासून होतं. नाताळपर्यंत काय ते कळवायचंय.” कात्री थांबली. “मला जायचं नाही. मला इथे, या चौकात, आपल्या माणसांत लग्न करायचंय. पण तू येणार नसशील तर आपली माणसं म्हणजे कोण गं? मग माद्रिदच बरं. तिथे निदान सांगता येईल, लांब आहे म्हणून आई आली नाही.”

एल्वीराबाईंनी उठून जावं म्हटलं तर डोकं अर्धं कापलेलं. त्यांनी विचारलं, “इर्मा येणार?”

“इर्माकाकूंनी टोपी शिवायला टाकलीय.”

“टोपी? कसल्या रंगाची?”

“जांभळी.”

“बघा!” एल्वीराबाई म्हणाल्या. आबेलने त्यांच्या मानेवरचे केस झटकले आणि तो गेला. त्या रात्री एल्वीराबाईंना माद्रिद किती लांब आहे हे कुणाला तरी विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी चर्चच्या बसमधून मंडळी विधानसभेसमोर पोहोचली, तर रस्ता आधीच दुभंगला होता. लोखंडी कठड्यांच्या या बाजूला जपमाळा आणि फलक, त्या बाजूला शिट्ट्या, ढोल आणि रंगीबेरंगी झेंडे. मध्ये पोलिसांची रांग. तामालवाला मात्र एकच होता. तो आपली सायकल घेऊन कधी या बाजूला यायचा, कधी त्या, आणि दोन्हीकडच्यांना मनापासून “तुमचंच बरोबर आहे” म्हणायचा.

एल्वीराबाईंनी फलक उंच धरला आणि समोर बघितलं, तर इर्मा. तिच्या हातात पुठ्ठा होता, त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या मुलाचं लग्न, तुमच्या पोटात का दुखतं?’

“पोटात दुखतं ते तुझ्या हातचं फळांचं पोंचे प्यायल्यामुळे!” एल्वीराबाई कठड्यावरून ओरडल्या.

“तुझे तामाल घशात अडकतात, त्याला उतारा म्हणून देते मी पोंचे!”

“गच्चीवरच्या माझ्या दोरीवर परत तुझी गोधडी दिसू दे, मग बघ!”

मधला पोलीस तरुण होता. त्याने बिचाऱ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. “बाई, हे कायद्यात येतं का?”

“तू गप्प बस!” दोघी एकदम म्हणाल्या. सकाळपासून दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढंच.

दुपारी बातमी बाहेर आली. कायदा पास झाला होता. लग्न म्हणजे दोन माणसांचा स्वखुशीचा संबंध, असं आता पुस्तकात लिहिलं जाणार होतं, आणि मार्चपासून लागू होणार होतं. पलीकडे एकच कल्ला झाला. इर्माने त्या तरुण पोलिसाला धरून गिरकी मारली. अलीकडे कुणी डोक्याला हात लावला, तर कास्तुलोकाका मूठ उगारून म्हणाले, “अजून कोर्ट आहे! कोर्टात बघू!” कास्तुलोकाका चाळीतले निवृत्त कारकून. त्यांना कोर्ट या शब्दाचाच आनंद व्हायचा. एल्वीराबाईंनी मात्र फलक खाली ठेवला आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पोराला जायचं आता कारण उरलं नव्हतं. म्हणजे एकच उरलं होतं, आणि ते त्या स्वतः होत्या.

नेमका त्याच संध्याकाळी चाळीतला पोसादा एल्वीराबाईंकडे होता. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी ही गंमत चालते. अर्धी चाळ हातात मेणबत्त्या आणि येशूच्या आईबापांच्या, मारिया-योसेफाच्या, मूर्ती घेऊन फाटकाबाहेर उभी राहते आणि गाण्यातून रात्रीपुरता आसरा मागते. अर्धी चाळ आत राहून गाण्यातूनच हाकलून लावते. असं मागणं-नाकारणं झालं की शेवटच्या कडव्याला दार उघडतं आणि सगळे मिळून खातात, पितात, खाऊ भरून टांगलेली कागदी पिन्याता फोडतात. दरवर्षी जो जिथे उभा असेल तो तिथून गायचा. यंदा न सांगता न सवरता वाटणी झाली. कायदा हवा असणारे सगळे बाहेर आणि नको असणारे सगळे आत.

“आज दार उघडायचंच नाही,” कास्तुलोकाका म्हणाले. “कोर्टाचा निकाल लागेपर्यंत राहू दे बाहेर.”

“कास्तुलो,” पाद्रीबाबा म्हणाले, “योसेफाला आणि त्या गरोदर बाईला मार्चपर्यंत थंडीत ठेवणार का?”

“मूर्ती तेवढ्या आत घेऊ.”

आतून नकाराची आघाडी एल्वीराबाईंकडे होती, कारण त्यांच्याएवढा आवाज कुणाचा नव्हता. त्यांनी पहिलं कडवं असं गायलं की फाटकाची कडी हलली. बाहेरून उत्तर आलं. त्यात आबेलचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. तो लहानपणापासून वरच्या पट्टीत घसरायचा, आजही घसरला. मग एल्वीराबाईंचं दुसरं कडवं आलं. “जा, जा, इथे जागा नाही” हे शब्द त्यांनी जन्मभर गायले होते, पण दाराबाहेर आपलंच पोर उभं असताना ते गाण्याची वेळ यंदा पहिल्यांदाच आली होती. त्या अडखळल्या. आतली मंडळी त्यांच्याकडे बघायला लागली.

बाहेर इर्माला ही संधी दिसली. तिने नेहमीचं कडवं सोडून आपलंच जुळवून तार स्वरात फेकलं:

“गारठून मेलो आम्ही, दार उघडा बाई,
कोरडे तामाल खाऊ, कुरकुर करणार नाही!”

बाहेर हशा पिकला. आत पाद्रीबाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. एल्वीराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं गेलं खड्ड्यात. त्यांनी फाटकाच्या फटीला तोंड लावलं आणि ओरडल्या:

“पाच खाल्लेस तेव्हा नव्हते वाटतं कोरडे! कुठल्या जगात विहीण विहिणीच्या हातच्या पदार्थाला असं बोलते गं?”

बाहेरचा हशा एकदम थांबला, आतला खोकलाही.

एल्वीराबाईंनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द केव्हाच पलीकडे गेला होता.

“काय म्हणालीस?” बाहेरून इर्माने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“काही नाही.”

“म्हणालीस तू. सगळ्यांनी ऐकलं. कास्तुलो, ऐकलंस ना?”

कास्तुलोकाका काहीही असले तरी खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. “ऐकलं,” ते पडेल आवाजात म्हणाले.

अजून वेळ होता. रागात जीभ घसरली म्हटलं असतं, तर आतल्या सगळ्यांनी आनंदाने मानलं असतं. उद्या माळजप, परवा सह्या, सगळं होतं तसं चाललं असतं. एल्वीराबाईंनी फटीतून बघितलं. आबेल मेणबत्ती धरून उभा होता, मेण बोटांवर ओघळत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. तो दाराकडे बघत होता.

“हो, म्हणाले!” त्या म्हणाल्या. “विहीण म्हणाले. माझ्या पोराचं हिच्या पोराशी लग्न लागणार, मग हिला दुसरं काय म्हणू? राष्ट्राध्यक्ष?” आणि त्यांनी कडी काढली.

समोर इर्मा. दोघींना काय करायचं ते कळेना. एवढ्या वर्षांत त्या इतक्या जवळ कधी न भांडता उभ्या राहिल्याच नव्हत्या.

“विहिणीला दारात उभं करतात का तुमच्याकडे?” शेवटी इर्माने विचारलं.

“तोंडाळ असली तर करतात. ये आत.”

“ये नाही. या. आता अहोजाहो करायचं.”

“या,” एल्वीराबाई दात खाऊन म्हणाल्या. “या, विहीणबाई. आणि टोपी जांभळी नको हं. जांभळं मी घालणार आहे.”

“मी कापड आणून ठेवलंय!”

“मग त्याचे पडदे शिवा!”

मंडळी आत घुसली. कास्तुलोकाका मेणबत्ती विझवून बायकोला घेऊन घरी गेले, आणखी दोन बिऱ्हाडं त्यांच्यामागून गेली. त्यातली एक एल्वीराबाईंची जिवाभावाची मैत्रीण होती. तिने जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही. ते एल्वीराबाईंना लागलं. पाद्री इलारियो मात्र घुटमळत राहिले.

“एल्वीरा, मी त्या कायद्याला आशीर्वाद देऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे, बाबा.”

“उद्या माळजप कोण सांगणार?”

“मला ठेवलंत तर मी. नाही तर तुम्ही सांगा, पण तुमचा आवाज बसलाय.”

पाद्रीबाबांनी आतून येणारा वास घेतला. मग म्हणाले, “ते उद्या बघू. तामाल कुठले आहेत?”

सगळ्यांत शेवटी हेनारो राहिला होता. अंगाने थोराड, मेट्रो चालवणारा, रोज हजारो माणसं जमिनीखालून नेणारा हा गडी योसेफाची मूर्ती छातीशी धरून एल्वीराबाईंच्या उंबऱ्याबाहेर पोरासारखा उभा होता. आत ये असं त्याला अजून कुणी म्हटलं नव्हतं.

“काकू...”

“काकू कोण? चाळीतल्या सगळ्या पोरांची मी काकू. तुझी कोण?”

हेनारोने आईकडे बघितलं, आबेलकडे बघितलं. “सासूबाई,” तो म्हणाला.

चौकात हसण्याचा असा स्फोट झाला की इर्माचा पोपट पिंजऱ्यात ओरडायला लागला. एल्वीराबाई हसल्या नाहीत. त्यांनी कमरेवर हात ठेवून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“सासू म्हणालास ना? मग आता सासुरवास भोग. ती मूर्ती ठेव आणि चुलीवरचं मोठं पातेलं उतरव. वाफ लागली तर ओरडायचं नाही.”

“पण मी जावई ना?” हेनारो हळूच म्हणाला. “जावयाला मान असतो.”

“मान मार्चनंतर. आज काम.”

हेनारो वाकून आत गेला. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला, मग “आई गं!” आणि मग कुणी काही ओरडलं नसल्याचा आव. आबेल आईजवळ आला. त्याला हसू आणि रडू एकदमच येत होतं, त्यामुळे चेहरा अगदी बावळट दिसत होता.

“आई, मग माद्रिदला काय कळवू?”

“मामेभावाला कळव, लग्नाला यायचं. आणि येताना तिकडचा सुका मेवा आण म्हणावं, पिन्यातात भरायला इथे काय भाव आहेत...” एवढं बोलून एल्वीराबाईंचा आवाज चिरकला. सहा वर्षं त्यांनी त्या पोराला पसाऱ्याच्या नावाखाली बाहेर उभं ठेवलं होतं, आणि आता तो त्यांच्या चुलीशी बोटं भाजून घेत होता, आणि आबेल कुठेही जाणार नव्हता. त्यांना रडू कोसळलं. ते इर्मासमोर कोसळलं, याचा त्यांना भयंकर राग आला.

इर्माने गरम पोंचेचा पेला पुढे केला. “घ्या, विहीणबाई.”

एल्वीराबाईंनी नाक पुसलं, एक घोट घेतला.

“जरा जास्त गोड झालंय, एवढंच,” त्या म्हणाल्या, आणि पेला रिकामा करून पुन्हा पुढे धरला.